न दुखणारी जखम

माझे सासरे दादाराव टेंभुर्णे, आमचे मामाजी, भूगर्भ खात्यात खलासी होते. आपल्याकडे खलाशी म्हटलं की जहाज आठवतं. मामाजींनी समुद्र जन्मात पाहिला नव्हता. खात्यातला खलासी म्हणजे रानात तंबू ठोकणारा, दगडांच्या पिशव्या वाहणारा, साहेबांच्या मागे दिवसभर उन्हात चालणारा माणूस. मूळचे ते भंडारा जिल्ह्यातले, पवनीजवळच्या एका खेड्यातले. अठ्ठेचाळीस साली नागपूरच्या ऑफिसात लागले, अठ्ठावन्न साली बदली होऊन लखनौला आले आणि तिथलेच झाले.

पंचाहत्तर साली लग्न होऊन मी वर्ध्याहून अलीगंजच्या त्यांच्या क्वार्टरात आले. हे त्याच खात्यात नकाशे काढायचे. घरात आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, आणि मामाजी. नणंद बेबीताई नागपूरला सरकारी दवाखान्यात नर्स. भिंतीवर बुद्धाचा फोटो, शेजारी बाबासाहेबांचा. छप्पन साली मामाजी आणि आत्याबाई नागपूरला दीक्षेच्या मैदानात पहाटेपासून उभे होते. त्याबद्दल आत्याबाई पुष्कळ बोलत. मामाजी एवढंच म्हणत, "होतो तिथं."

कमी बोलणारा माणूस. ऑक्टोबर ते मे ते कॅम्पवर असत. मिर्झापूर, ललितपूर, कधी वर कुमाऊँत. नकाशासाठी जमीन मोजताना साहेब दुर्बिणीतून बघायचे आणि मामाजी लांब, समोर, दोन पुरुष उंच पट्टी धरून उभे राहायचे. पट्टी हलली की माप चुकतं. घाम डोळ्यांत गेला तरी पुसायचा नाही. डोक्याला गमछा असायचा, तोंड उघडंच. हे मला ह्यांनी सांगितलं. मामाजींनी स्वतःच्या कामाबद्दल कधी काही सांगितल्याचं आठवत नाही.

सत्त्याहत्तर साली ते रिटायर झाले. त्याच सुमारास कॉलनीतल्या नाईनं दाढी करताना त्यांना विचारलं, "बाबा, यह मस्सा कब से है?" डाव्या नाकपुडीला गाल जिथं मिळतो तिथं, मोहरीहून थोडा मोठा, काळसर चकचकीत दाणा होता. वस्तरा लागला की रक्त येई, खपली धरे, खपली पडली की पुन्हा तसाच चकचकीत. मामाजी म्हणाले, आहे कधीचा तरी.

दुखत नव्हता. दुखत नव्हता म्हणून वर्ष गेलं. दाणा मधोमध खचला आणि तिथं खळगी झाली. कडा मात्र वर उचललेल्या, मण्यांची माळ गुंडाळून ठेवावी तशा. आत्याबाईंनी कडुनिंबाचा पाला वाटून लावला. डिस्पेन्सरीतल्या कंपाउंडरनं पिवळं मलम दिलं. हे त्यांना होमिओपॅथीच्या एका डॉक्टरांकडे घेऊन गेले. चार महिने साखरेच्या गोळ्या खाल्ल्या. कोणी म्हणालं चुना लावा, तोही लावून झाला, त्यानं गाल भाजला. जखम कधी सुकल्यासारखी वाटे. आत्याबाई म्हणत, "बघ, भरून आली." आठ दिवसांनी उशीला रक्ताचा डाग.

मामाजी रोज दुपारी चारला कॉलनीच्या बागेत जात. तिथं रिटायर झालेली चार-पाच माणसं पत्ते खेळत. त्यांत रस्तोगीजी म्हणून एक हेडक्लार्क होते, त्यांचा शब्द चाले. कोपऱ्यावरच्या टपरीतून सगळ्यांना काचेच्या ग्लासात चहा येई. अठ्ठ्याहत्तरच्या थंडीत एके दिवशी चहा आला तो चार ग्लास आणि एक कुल्हड. कुल्हड मामाजींसमोर ठेवला गेला. दुसऱ्या दिवशीही तसंच. कुल्हड मातीचा, पिऊन फोडून टाकायचा.

ही गोष्ट मला त्याच टपरीवरून दूध आणताना कळली. टपरीवाला हळूच म्हणाला, "बहूजी, बुरा मत मानना, रस्तोगी साहब ने कहा है. बाबा को वो बीमारी है न."

"कौन सी?"

त्यानं इकडंतिकडं पाहिलं. मग म्हणाला, "कोढ़."

मी दूध घेऊन घरी आले. ते तापवलं, सांडू दिलं नाही. महारोग हा शब्द माझ्याही मनात येऊन गेला होता, फक्त मी तो पुढं जाऊ दिला नव्हता. वर्ध्याला आमच्या घरापासून थोड्या अंतरावर महारोग्यांची वस्ती होती. लहानपणी आम्ही त्या रस्त्यानं श्वास धरून पळत जायचो.

माझी प्रतिमा तेव्हा दोन वर्षांची होती. मामाजी खाटेवर बसले की ती त्यांच्या मांडीवर चढायची. त्या संध्याकाळी ती चढली, त्यांच्या तोंडाकडे बघत राहिली आणि बोट उचलून खपलीला लावलं. मी स्वयंपाकघरातून आले आणि तिला दंडाला धरून ओढलं. ती रडली. मी तिचं बोट साबणानं दोनदा धुतलं. मामाजी समोरच होते. त्यांनी नजर वळवली नाही. मी तिला आत नेलं.

दुसऱ्या दिवशी मी त्यांचं ताट वेगळं ठेवलं.

हे मी कोणाला विचारून केलं नाही. आत्याबाईंनी पाहिलं आणि पाहिलं नाही असं केलं. ह्यांच्या लक्षात आलं की नाही, मला आजही माहीत नाही. स्टीलचं एक ताट, एक वाटी, एक पेला फळीच्या दुसऱ्या टोकाला. तीन दिवसांनी पाहिलं, तर मामाजी जेवण झालं की ताट स्वतः उचलत होते, अंगणातल्या नळावर राखेनं घासत होते आणि आणून नेमक्या त्याच जागी ठेवत होते. पेला उपडा. मला काही करावं लागत नव्हतं. प्रतिमा जवळ आली की ते उठून बाहेर जात. एकदा ती मागे मागे गेली, तर तिला म्हणाले, "जा, आईपाशी जा." ती हिंदीत म्हणाली, "दादाजी, गोदी," म्हणजे कडेवर घ्या. ते दाराबाहेर पडले आणि सरळ विकास नगरच्या बाजूला चालत गेले. तिथं तेव्हा नुसती मोकळी रानं आणि कुठं कुठं विटांचे ढीग होते. दोन तासांनी परत आले.

बागेत मात्र ते जातच राहिले. कुल्हडातला चहा पीत, उठून तो कचऱ्यात टाकत, पुन्हा येऊन पत्ते उचलत. वर्षभर.

त्या वर्षाबद्दल मला फारसं काही आठवत नाही. भांडण नाही, रडणं नाही. सगळे वेळेवर जेवत होतो. जखम पाच पैशांच्या नाण्याएवढी झाली होती आणि नाकपुडीची कड थोडी आत ओढल्यासारखी दिसत होती. आम्ही तिच्याकडे बघायचं सोडून दिलं होतं.

एकोणऐंशीच्या डिसेंबरात बेबीताई रजा घेऊन आल्या. रिक्षातून उतरल्या, बापाच्या पाया पडल्या, वर पाहिलं आणि त्यांची हनुवटी धरून तोंड उजेडाकडे वळवलं.

"बाबा, हे किती दिवसांचं आहे?"

"असन दोन-तीन वर्षांचं."

"दुखते?"

"नाही ना. दुखलं असतं तर दाखवलं असतं."

बेबीताई आत गेल्या. हात धुतले, आईशी बोलल्या, प्रतिमासाठी आणलेला फ्रॉक काढून दिला. जेवायची वेळ झाली तशी मी भाकऱ्या करायला बसले. त्या स्वयंपाकघरात आल्या. फळीच्या टोकाला वेगळं ठेवलेलं ताट त्यांनी पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. मी भाकरी थापत होते, थापतच राहिले. त्यांनी ते ताट उचललं, त्यात स्वतःसाठी वाढून घेतलं आणि पाटावर बसून जेवल्या. बापाला दुसऱ्या ताटात वाढलं. मामाजी हातात घास घेऊन थोडा वेळ थांबले. मग जेवले.

हात धुताना बेबीताई मला एवढंच म्हणाल्या, "उद्या सकाळी लवकर निघू. तू पण चल."

मेडिकल कॉलेजच्या कातडीच्या ओपीडीत आम्ही सकाळी नऊला पोचलो आणि नंबर दुपारी एकला लागला. डॉक्टरीण होत्या, मधुमती सक्सेना. पन्नाशीच्या, चष्मा गळ्यात साखळीनं अडकवलेला. जखमेकडे बघायच्या आधी त्यांनी मामाजींना विचारलं, "क्या काम करते थे, बाबा?"

"पट्टी पकड़ता था."

त्यांना कळलं नाही. बेबीताईंनी समजावून सांगितलं. "धूप में?" डॉक्टरांनी विचारलं. मामाजी म्हणाले, "हाँ, धूप में ही."

मग मी घसा साफ करून विचारलं, "डॉक्टर साहब, कोढ़ तो नहीं है?" माझा आवाज मलाच परका वाटला. वर्षभरात तो शब्द आमच्या घरातल्या कोणी मोठ्यानं उच्चारला नव्हता, आणि मी तो मामाजींसमोर उच्चारला.

डॉक्टरांनी टेबलावरचा कापूस घेतला, त्याची टोकदार वात केली. "बाबा, आँख बंद कीजिए. जहाँ छुऊँ, हाँ बोलिए."

मामाजींनी डोळे मिटले. डॉक्टरांनी वात कपाळाला लावली. "हाँ." डाव्या गालाला. "हाँ." जखमेच्या अगदी कडेला. "हाँ." कोपराला, मनगटाला, पायाच्या बोटांना. मग टाचणीनं. डोळे मिटून ताठ बसलेला तो म्हातारा माणूस प्रत्येक स्पर्शाला, घाई न करता, हाँ म्हणत होता. कोपराच्या मागे, मानेला बोटांनी चाचपून डॉक्टर म्हणाल्या, "नसें ठीक हैं. कोढ़ नहीं है." मग माझ्याकडे बघून, "और होता भी, तो आजकल उसकी दवा है. इसमें डरने का क्या था?"

मी मान हलवली.

भिंग घेऊन त्यांनी जखम बराच वेळ पाहिली. उचललेली कड बोटानं ताणली, ती मोत्यासारखी चमकली. त्यांनी बेबीताईंना इंग्रजीत काही सांगितलं आणि जखमेच्या कडेचा एक बारीक तुकडा तपासायला काढून घेतला. दहा दिवसांनी या म्हणाल्या.

बेबीताईंची रजा संपली होती. रिपोर्ट घ्यायला मी आणि मामाजी दोघंच गेलो. डॉक्टरांनी कागद वाचला आणि आम्हाला समोरच्या स्टुलांवर बसवलं. घाई केली नाही त्यांनी. म्हणाल्या, हा चमडीचा कॅन्सर आहे. कातडीच्या सगळ्यात खालच्या थरातून निघतो. गोऱ्या लोकांना फार होतो, आपल्याकडे कमी, पण उन्हात आयुष्य गेलेल्या म्हाताऱ्या माणसांना होतो. बाकीच्या कॅन्सरसारखा हा अंगभर पसरत नाही, जवळजवळ कधीच नाही. पण जिथं असतो तिथं खात राहतो. "चूहे की तरह, धीरे-धीरे. पहले कातडी, मग कूर्चा, फिर हड्डी." त्या माझ्यासाठी मधूनच मराठी शब्द वापरत होत्या, त्यांची एक मैत्रीण पुण्याची होती. "डोळ्यापर्यंत गेला तर कठीण. अभी निकाल देंगे तो बाबा ठीक हो जाएँगे."

मामाजींनी विचारलं, "नाक जाएगी?"

"थोड़ी सी. किनारा."

"ठीक है," ते म्हणाले.

परतताना रिक्षात आम्ही शेजारी शेजारी बसलो होतो. गोमतीच्या पुलावर गार वारा होता. मला काहीतरी वाटायला हवं होतं. भीती, नाहीतर सुटल्यासारखं. मी वाट पाहिली. काही आलं नाही. पुलावरून एक बैलगाडी चालली होती, तिच्यामागं आमचा रिक्षावाला हळूहळू पायडल मारत होता. मामाजी बैलांकडे बघत होते.

घरी आत्याबाई गहू निवडत बसल्या होत्या. मी सांगितलं. त्यांनी सूप खाली ठेवलं.

"म्हणजे महारोग नाही?"

"नाही, आत्याबाई. कॅन्सर आहे. कातडीचा."

"महारोग नाही ना पण?"

"नाही."

"मंग बरं," त्या म्हणाल्या आणि सूप उचललं. थोड्या वेळानं त्यांच्या लक्षात आलं असावं, कारण हात थांबला. मग त्या पुन्हा गहू निवडू लागल्या. हे ऑफिसातून आले, त्यांना सांगितलं. त्यांनी पेपर उघडला आणि झोपायची वेळ होईपर्यंत एकच पान समोर धरून बसले.

त्या दिवशी मी मामाजींचं ताट बाकीच्या ताटांत मिसळून ठेवलं. जेवण झाल्यावर त्यांनी आपलं ताट ओळखून उचललं, नळावर घासलं आणि फळीच्या टोकाला ठेवलं. मी पुन्हा मिसळलं. त्यांनी पुन्हा वेगळं ठेवलं. चार दिवस असं चाललं, मग मी सोडून दिलं.

कॉलनीत बातमी गेली. कॅन्सर शब्दाचीही भीती होती, पण वेगळी. रस्तोगीजी स्वतः घरी आले. खुर्चीच्या कडेवर बसून म्हणाले, "टेंभुर्णे जी, हम लोगों से भूल हुई. लोगों ने जो कहा, हमने मान लिया."

"कोई बात नहीं," मामाजी म्हणाले.

"आप आइए. सब याद करते हैं."

"आता ही तो हूँ."

खरंच होतं ते. ते रोजच जात होते. पुढच्या दिवसापासून त्यांच्यासमोर काचेचा ग्लास आला. मामाजींनी तो बाजूला सरकवला आणि म्हणाले, चाय छोड़ दी. घरी ते दिवसातून तीनदा चहा पीत. बागेत पुन्हा कधी घेतला नाही त्यांनी.

ऑपरेशन ऐंशीच्या फेब्रुवारीत झालं. भूल फक्त तोंडाला दिली. मी आणि हे बाहेरच्या बाकावर बसलो होतो. दीड तासानं त्यांना चाकाच्या खुर्चीतून आणलं तेव्हा अर्धं तोंड पट्टीत होतं, उघडा डोळा आम्हाला ओळखत होता. पुढं पंधरा-वीस दिवसांनी टाके काढून आल्यावर त्यांनी स्वतःहून सांगितलं. अंगणात ऊन होतं, ते सावलीत खाट ओढून बसले होते, मी वाळवण घालत होते.

"सगळं ऐकू येत होतं," ते म्हणाले. "कात्री चालत होती. कपडा कापावा तशी. मले वाटलं, दुसऱ्याच कोणाचं नाक कापून रायले. बाजूच्या खाटेवरच्याचं."

"भीती वाटली, मामाजी?"

"नाही. पट्टी धरून उभं राहावं तसं पडून होतो. हललं तर चुकते."

डाव्या नाकपुडीची कड गेली होती. गालाची कातडी सरकवून तिथं शिवली होती, त्यामुळं ती नाकपुडी दुसरीपेक्षा मोठी आणि उघडी दिसे, आणि गालावरून हनुवटीकडे एक शिवण. बघायची सवय व्हायला महिना लागला. शिवाय नाक ते ओठ एवढी जागा बधिर राहिली. डॉक्टर म्हणाल्या, बारीक नसा कापल्या जातात, कधी परत येतात, कधी नाही. मामाजींच्या परत आल्या नाहीत. जेवताना वरण ओठावरून ओघळलं तरी त्यांना कळत नसे. प्रतिमा समोर बसून जेवायची. ती सांगायची, "दादाजी, इधर लगा है," आणि ते दुसऱ्याच जागी पुसायचे. मग ती उठून आपल्या फ्रॉकनं पुसायची. मी तिला थांबवलं नाही.

त्याच उन्हाळ्यात मी त्यांच्याशी बोलले. आत्याबाई शेजारी गेल्या होत्या. मामाजी अंगणात आपलं ताट घासत होते. मी जवळ जाऊन म्हटलं, "मामाजी, द्या इकडं. आणि ते तिकडं ठेवू नका आता."

"राहू दे."

"ते ताट मी वेगळं केलं होतं. मीच."

"मले माहीत आहे."

"तुम्ही बोलला नाहीत."

"काय बोलायचं? तुझी पोर लहान होती." त्यांनी नळ बंद केला. मग म्हणाले, "पवनीले चहाचं दुकान होतं. आमच्या लोकांचे कप बाहेर, खिळ्याले टांगलेले. आपला आपण काढायचा, धरायचा, वरून चहा ओतत. पिऊन धुवायचा, टांगायचा. मी सात-आठ वर्षांचा असन. कोणी शिकवलं नव्हतं. हाताले समजते."

 मी विचारलं, "माझा राग आला असेल."

ते विचार करत राहिले. खरोखरच आठवून पाहत होते, असं त्यांच्या तोंडावरून दिसत होतं.

"आला असन," ते म्हणाले. "आता आठवत नाही."

त्यांनी ताट माझ्या हातात दिलं. मी ते पुसलं आणि बाकीच्या ताटांत ठेवलं. त्यानंतर त्यांनी ते वेगळं काढलं नाही. मला बरं वाटायला हवं होतं, पण खरं सांगायचं तर त्या दिवशी मला फक्त फार थकवा आला, दुपारभर झोपले.

डॉक्टरांनी बजावलं होतं की एकदा झालेल्या माणसाला दुसरीकडे पुन्हा होऊ शकतो, म्हणून दर सहा महिन्यांनी दाखवायला या आणि उन्हात टोपी घाला. मामाजींनी अमीनाबादच्या बाजारातून रुंद काठाची एक कापडी टोपी आणली आणि ती घालून ते बागेत जाऊ लागले. सहा महिन्यांची तारीख त्यांनी एकदाही चुकवली नाही. चौऱ्याऐंशीला उजव्या कानाच्या पाळीवर तसाच एक चकचकीत दाणा आला, तो आत्याबाईंना तेल लावताना दिसला. मामाजी दुसऱ्याच दिवशी एकटे सिटी बसनं गेले, आणि पुढच्या आठवड्यात तो वीस मिनिटांत काढून आले. घरी येऊन मलाच सांगितलं, "झालं." कानावर एवढीशी पट्टी होती.

शहाऐंशी साली आमच्या गल्लीत लखनौबाहेरच्या बख्शी का तालाब या गावाकडून एक म्हातारा सायकलीवर भाजी घेऊन येई. त्याचं नाव मला कधी कळलं नाही. सगळे त्याला चाचा म्हणत. त्याच्या उजव्या डोळ्याच्या खालच्या कडेला खपली होती. मी भेंडी निवडत होते, मामाजी दारात उभे राहून त्याच्याकडे बघत होते. मग ते खाली उतरले, त्याच्यासमोर गेले.

"यह कब से है?"

"पता नहीं, बाबूजी. फुंसी है."

"ख़ून आता है?"

"मुँह धोते हैं तो आता है."

"दुखता है?"

"नहीं."

मामाजींनी टोपी काढली आणि आपलं नाक त्याला दाखवलं. म्हाताऱ्यानं पाहिलं आणि अर्धं पाऊल मागं सरकला. मामाजी म्हणाले, "मेरा भी नहीं दुखता था. इसी में तीन बरस गए. तुम्हारा आँख के पास है." त्यांनी ओपीडीचा वार सांगितला, कुठल्या दारानं जायचं, कोणत्या खिडकीवर चिठ्ठी मिळते, ते सांगितलं. मी चलतो बरोबर म्हणाले. मामाजींना इतकं सलग बोलताना मी अकरा वर्षांत पाहिलं नव्हतं. म्हातारा हो हो म्हणाला, सायकल पुढं ढकलली.

त्या वारी मामाजी सकाळी सातला टोपी घालून कोपऱ्यावर उभे राहिले. तो आला नाही. पुढच्या आठवड्यात भाजी घेऊन आला तेव्हा म्हणाला, गेहूँ की कटाई थी. मामाजी म्हणाले, बरं, पुढच्या वारी. पुढच्या वारीही ते उभे राहिले. असं चार वेळा झालं. मग एके दिवशी ते टेम्पोनं बख्शी का तालाबला गेले, दिवसभर विचारत फिरले आणि संध्याकाळी परत आले. त्याचं घर सापडलं होतं. त्याच्या सुनेनं बाहेर येऊन सांगितलं की अब्बा खेतावर आहेत. मामाजी शेतापर्यंत गेले. म्हातारा उन्हात खुरप्यानं गवत काढत होता.

"काय म्हणाला?" मी विचारलं.

"म्हणाला, दुखत नाही."

मी त्यांना जेवायला वाढलं. ते जेवले. मध्येच म्हणाले, "सून दारात उभी होती. तिले सांगून आलो. तिनं ऐकलं."

पावसाळ्यात तो म्हातारा यायचा बंद झाला. त्याच्या जागी दुसरा भाजीवाला आला. चाचांचं काय झालं म्हणून मी त्याला विचारलं, तर त्यानं आपल्याला माहीत नाही म्हणून सांगितलं. हिवाळ्यात मात्र एकदा मामाजी ओपीडीतून आपल्या तारखेचं दाखवून आले आणि टोपी खुंटीला लावता लावता म्हणाले, "तो दिसला. सून होती संगं. डोळ्याले पट्टी."

"डोळा वाचला?"

"विचारलं नाही. त्याचा नंबर आला, आत गेला."

अठ्ठ्याऐंशीच्या जानेवारीत मामाजींना न्यूमोनिया झाला आणि पाच दिवसांत ते गेले. एकाहत्तर वर्षांचे होते. बेबीताई पोचल्या तेव्हा आम्ही त्यांना अंगणात ठेवलं होतं. त्यांनी बापाची हनुवटी धरून तोंड उजेडाकडे वळवलं, नाकाची शिवण पाहिली, कान पाहिले, मान, कपाळ, अगदी दवाखान्यात बघतात तसं. नवीन कुठं काही नव्हतं. मग त्या खाली बसल्या, आणि प्रतिमा पाणी घेऊन त्यांच्याजवळ गेली.